नाळेचं रक्त ठेवावं, द्यावं की बाळालाच जाऊ द्यावं? आपापले अनुभव सांगा

मला आठवा महिना संपत आलाय. गेल्या मंगळवारी तपासणीला गेले होते, नंबर यायला वेळ होता. शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी येऊन बसली, हातात फाईल, गळ्यात ओळखपत्र. "ताई, पहिलंच का?" म्हणून बोलायला लागली ती नाळेतल्या रक्तावरच आली. हे रक्त आयुष्यात एकदाच मिळतं, त्यातल्या मूळ पेशी (ज्यांच्यापासून नवं रक्त तयार होतं त्या) गोठवून ठेवल्या की ८० आजारांवर उपचार होतो, हप्त्यांची सोय आहे, या महिन्यात नाव घातलं तर सवलत. साठ हजारांच्या पुढचं पॅकेज, वर १८ टक्के जीएसटी. उठताना म्हणाली, "बाळासाठी एवढंही नाही का करणार?" ते वाक्य घरी कळंब्याला पोचले तरी डोक्यातनं जाईना.

नवरा म्हणतो ठेवूया, पुढं हळहळ नको. सासऱ्यांनी एकच विचारलं, "ते कुणाला, कशासाठी वापरणार?" आम्हा दोघांनाही उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा काढलाय. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली भागात कुणी ठेवलं असेल, नाकारलं असेल, दान करायला धडपडलं असेल, तर सविस्तर लिहा. सल्लाही चालेल, पण आधी तुमच्या घरात काय घडलं ते सांगा.

राजारामपुरी

आम्ही ठेवलं. २०१६ साली, मुलाच्या वेळी. सातव्या महिन्यातच थर्माकोलचा डबा घरी आला. दवाखान्याच्या बॅगेत दुपटी, टोपडी आणि तो डबा असं सगळं भरून ठेवलं होतं. पहाटे तीनला सिझर झालं. रक्त साकळू नये म्हणून औषध घातलेली पिशवी त्या डब्यात असते, तिच्यात नाळेतलं रक्त घेतलं. सकाळी सातला माणूस येऊन डबा घेऊन गेला. मला भूल उतरताना पहिलं काय आठवलं असेल तर ते, "डबा दिला का?"

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. ४६ मिली रक्त, ३८ कोटी पेशी. आकडा एवढा मोठा की आम्ही खूश झालो. सोबतचं सर्टिफिकेट फ्रेम करून देवघराशेजारी लावलं.

भाची मेडिकलला गेली, तिनं दोन वर्षांपूर्वी तो रिपोर्ट वाचला आणि मला समोर बसवलं. या पेशी रुग्णाच्या अंगात घालायच्या, म्हणजे रोपण करायचं तर त्याच्या दर किलो वजनामागे साधारण अडीच कोटी पेशी तरी लागतात, असं तिनं सांगितलं. मी बँकेत नोकरी करते, भागाकार तिथंच कागदावर केला. ३८ भागिले अडीच, म्हणजे १५ किलो. मुलगा आता २७ किलोचा आहे. तो बालवाडीत होता तेव्हाच त्या पिशवीची मर्यादा संपली होती.

दुसरी गोष्ट तिनं सांगितली ती मला जास्त लागली. थॅलेसेमियासारखा रक्ताचा जन्मजात आजार असेल तर तोच दोष बाळाच्या नाळेतल्या पेशींतही असतो, म्हणजे त्याचं रक्त त्यालाच देऊन उपयोग नाही. रक्ताच्या कॅन्सरमध्येही पोराच्या स्वतःच्या नाळेतल्या पेशी टाळतात, कारण आजाराचं बी जन्माच्या वेळीच त्यात असू शकतं. हे फॉर्म भरताना कुणीही बोललं नव्हतं.

पैसे गेले याचं तेवढं वाटत नाही. आठव्या महिन्यात बाई आधीच घाबरलेली असते, त्या भीतीवर सही घेतली, हे अजून सलतं. २०१९ ला मुलगी झाली, तेव्हा ठेवलं नाही.

शिवाजी पेठ

ठेवलं नाही. तेवढ्याच पैशांत तिघांचा आरोग्य विमा काढला. मुलीला दीड वर्षाची असताना न्यूमोनिया झाला, पाच दिवस ॲडमिट होती, तेव्हा तोच कामाला आला. आमचा अनुभव एवढाच.

कागल (आज्जी सांगतेय, नातू टाईप करतोय)

माझी पाच बाळंतपणं घरातच झाली. वार परड्यात पुरायची, वर दगड ठिवायचा, म्हंजे कुत्रं उकरत न्हाई. नाळ वाळून पडली की फडक्यात बांधून ठिवायची. आता त्येच्यातनं औषध निघतंय म्हंत्यात, निघू दे की. पर कुणाच्या लेकराला लागत आसंल तर दिऊन टाकावं. गोठवून ठिवून कुणाची वाट बघायची?

निवृत्त सिस्टर, मंगळवार पेठ

३२ वर्षं प्रसूतीच्या खोलीत काढली, त्यामुळे पैशांचं बाजूला ठेवून बाळाच्या बाजूनं लिहिते.

बाळ बाहेर आलं तरी नाळ लगेच मरत नाही. ती जाड, निळसर, पीळ पडलेली असते आणि बोटात धरली तर ठोके लागतात. त्या वेळी वारेतलं रक्त बाळाकडे जात असतं. पहिल्या मिनिटात ८० मिलीच्या आसपास जातं, तीन मिनिटांत १०० पर्यंत. तीन किलोच्या जिवाला हे किती मोठं आहे, विचार करा. त्यातून मिळालेलं लोह पुढचे कित्येक महिने पुरतं. आपल्या देशात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ६७ मुलांना रक्तक्षय आहे, हा २०१९-२१ च्या सरकारी पाहणीतलाच आकडा आहे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, बाळ ठीक असेल तर किमान एक मिनिट थांबा, मग चिमटा लावा. बाळ रडलंच नाही, श्वास घेत नाही, तर गोष्ट वेगळी. तिथं डॉक्टरांना लगेच कापावी लागते, तेव्हा अडवू नये.

आता पिशवी जितकी भरायची, तितकी नाळ लवकर चिमटावी लागते. मी एका खासगी ठिकाणी होते, तिथं बाहेर माणूस डबा घेऊन उभा असायचा आणि आतून घाई व्हायची, "सिस्टर, लवकर, पिशवी कमी भरली तर नाकारतात." माझ्या हातानं मी पहिल्या दहा सेकंदांत चिमटे लावलेत. तेव्हा आम्हाला तसंच शिकवलं होतं. पण आज ते हात आठवले की झोप उडते. ठेवायचं असेल तरी आधी एक मिनिट बाळाचं, उरेल त्यातलं पिशवीत, हे डॉक्टरांना दिवस भरायच्या आधीच बोलून ठेवा. कळा सुरू झाल्यावर कुणी कुणाचं ऐकत नाही.

रक्तपेढीतला तंत्रज्ञ, शाहूपुरी

वरच्या सिस्टरबाईंना नमस्कार. नाळेचं रक्त निरुपयोगी आहे असा कुणाचा समज व्हायला नको, म्हणून लिहितोय. १९८८ मध्ये पॅरिसला पाच वर्षांच्या एका मुलाला त्याच्या धाकट्या बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं आणि तो जगला. नाळेच्या रक्ताचं जगातलं ते पहिलं यशस्वी रोपण. त्याला फॅन्कोनी ॲनिमिया होता, म्हणजे शरीरात रक्त नीट तयार न होण्याचा जन्मजात आजार. लक्षात घ्या, त्याला बहिणीचं रक्त लागलं, स्वतःचं नाही. त्या ८० आजारांच्या यादीतही बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच्याच पेशी लागतात. ही यादी दाखवणारे एवढं एकच सांगत नाहीत.

आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्येच म्हटलंय की खासगी साठवण म्हणजे बाळाचा विमा नव्हे. घरात भावंडाला किंवा आईबापाला अशा रोपणानं बरा होणारा आजार असेल, तर मात्र जरूर ठेवा. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेचंही सरसकट खासगी साठवणीला समर्थन नाही.

तरी ठेवायचंच असेल तर करारनामा घरी आणून वाचा. पेशी कमी निघाल्या तर पैसे परत मिळणार का, कंपनी बंद पडली तर उणे १९६ अंशांतली ती पिशवी कुठं जाणार, हे दोन्ही त्यात लिहिलेलं हवं. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

उद्यमनगर

कागलच्या आज्जींसारखंच मलाही वाटलं होतं. आपल्याला नको तर कुणाला तरी द्यावं. सातव्या महिन्यात फोन लावायला बसले. पुणे झालं, मुंबई झाली. रक्तदानासारखं आपण जाऊन देऊन येऊ असं मला वाटलं होतं, पण तसं नसतं. सार्वजनिक पेढी ज्या रुग्णालयांशी जोडलेली असते, जिथला स्टाफ रक्त कसं घ्यायचं ते शिकलेला असतो, तिथूनच घेते. वर दोन दिवसांच्या आत ते प्रयोगशाळेत पोचलं पाहिजे. कोल्हापुरातून घेणारं मला कुणी सापडलं नाही. "सगळ्यांसाठी खुली" म्हणून एका ठिकाणाहून उलट फोन आला, पण चौकशी केली तर तीही पैसे भरून सभासद होण्याचीच योजना निघाली. सभासद सोडून कुणाला ते मिळणार नव्हतं.

खूप वाईट वाटलं. बाळ झालं, वार दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून गेली. वर्षभरानं मूळ पेशी दात्यांच्या नोंदणीबद्दल कळलं, तिथं मी आणि नवरा दोघांनी नाव घातलं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेतात, बाकी काही नाही. कुणाशी जुळलं तर बोलावतील. अजून बोलावणं आलेलं नाही.

गांधीनगर

आम्ही सिंधी. फाळणीनंतर आजोबा इथं आले, माझा जन्म आणि शाळा इथलीच, म्हणून मराठीतच लिहिते. कापडाचं दुकान आहे.

मोठी मुलगी आठ महिन्यांची असताना पांढरीफटक पडली, दूध ओढेना. हिमोग्लोबिन ४ निघालं. थॅलेसेमिया मेजर, या आजाराचा गंभीर प्रकार. मग आमच्या दोघांच्या तपासण्या झाल्या, दोघंही वाहक, म्हणजे आम्हाला त्रास नाही, पण दोष मुलांकडे जाऊ शकतो. आमच्या समाजात याचं प्रमाण जास्त आहे हे आम्हाला तेव्हा कळलं, लग्न होऊन चार वर्षं झाल्यावर. कुंडली बघितली होती, ही एक साधी रक्ताची तपासणी कुणी बघितली नव्हती.

ती आता नऊ वर्षांची आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो. रक्ताबरोबर लोह साठत जातं, ते काढायला रोज गोळी, पाण्यात विरघळवून. ती गोळी पिताना ती नाक दाबते आणि माझ्याकडे बघत राहते.

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा अकराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन मुंबईला पाठवला. प्रत्येक गरोदरपणात चारात एक वेळा मूल मेजर असतं. बारा दिवस वाट बघितली. बाळ फक्त वाहक निघालं, तेव्हा ठरवलं की नाळेचं रक्त ठेवायचंच. पैशांचा विचारही केला नाही. शाहूपुरीच्या भाऊंनी जे लिहिलंय, ते घर आमचंच.

मुलगा झाला. रक्त घेतलं, पिशवी चांगली भरली. मग दोघांच्या पेशी जुळतात का याची तपासणी. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यताही चारात एकच. रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाईकाला साडी उलगडून दाखवत होते. वाचला. पदर तसाच हातात राहिला. जुळलं नव्हतं.

जुळलं असतं तर रोपणासाठी वेल्लोरच्या रुग्णालयात जायची तयारी होती. कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीची योजना आहे, पात्र कुटुंबाला अशा रोपणासाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळते, त्याचे कागद मी आधीच गोळा करून ठेवले होते. ते अजून कपाटात आहेत. आता मुलीसाठी दात्यांच्या यादीत कुणी परका जुळतोय का, याची वाट बघतोय. उद्यमनगरच्या ताई, तुमच्यासारख्यांची नावं जिथं असतात तीच ही यादी. तुम्ही त्यात आहात हे वाचून मला खूप बरं वाटलं.

धागा काढणाऱ्या ताई, तुम्ही रक्त ठेवा न ठेवा, पण एचबीए२ ची (थॅलेसेमियाचे वाहक आहोत का ते सांगणारी रक्ताची) तपासणी झालीय का तेवढं फाईलमध्ये बघा. साडेतीनच्या वर असेल तर नवऱ्याचीही करून घ्या. ही फक्त सिंध्यांची गोष्ट नाही. आणि मे महिना आला की कॉलेजं बंद होतात, शिबिरं थांबतात, रक्तपेढीत तुटवडा पडतो. मुलगी बी पॉझिटिव्ह आहे. आमची खरी धावपळ तेव्हा असते.

पुन्हा मी, कळंबा

उशिरा लिहितेय, मधे बाळंत झाले. मुलगी, दोन किलो नऊशे.

गांधीनगरच्या ताईंचं वाचून दुसऱ्याच दिवशी फाईल उलगडली. ती तपासणी झालीच नव्हती. करून घेतली, २.७ आलं. त्या रात्री सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर नवऱ्यानंच दिलं, "आपल्या घरात सध्या तरी कुणाला नको आहे." त्या मुलीचा दोनदा फोन आला, नको म्हणून सांगितलं.

डॉक्टरांशी आधीच बोलले होते. त्या म्हणाल्या, आम्ही थांबतोच. बाळ माझ्या पोटावर ठेवलं, ओलं, गरम. मंगळवार पेठेच्या सिस्टर, तुमचं आठवून मी दोन बोटांत नाळ धरली. ठोका लागत होता. मग हळूहळू मंद झाला, मग लागेना, मग त्यांनी चिमटा लावला.

गांधीनगरच्या ताई, नवरा बी पॉझिटिव्ह आहे, त्याचे दोघे मित्रही. मे महिन्यातली तारीख कळवा, तिघंही येतील.