मदत हवी आहे: हार्डटॉप उतरवल्यावर ठेवायचा कुठे आणि कसा?

दोनसीटर

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९९५ची माझदा एमएक्स-५ आहे. पहिल्या पिढीतली, दिवे डोळ्यांसारखे उघडतात ती. कापडी हूड आहेच, शिवाय कंपनीचा हार्डटॉपही, म्हणजे काढता-घालता येणारा कडक टप, गाडीबरोबर मिळाला. थंडीत तो चढवायचा, ऊन पडू लागलं की उतरवायचा, इथवर सगळं छान. उतरवलेला टप ठेवायचा कुठे, इथे घोडं अडलंय.

दोन वर्षं मी तो गॅरेजच्या कोपऱ्यात जुन्या गादीवर ठेवला. गाडीवर बसतो तसाच, सरळ. म्हटलं, मऊ गादी आहे, काय होणार? यंदा चढवला आणि पहिल्याच पावसात डाव्या खांद्यावर टपटप सुरू. निरखून बघितलं तर दाराच्या काचेमागे, कोपऱ्यातलं रबर बीडिंग पार चपटं झालेलं. म्हणजे दोन वर्षं टपाचा भार त्या रबरावरच होता. भरीला घरच्यांनी त्याचं टेबल करून टाकलं होतं: रंगाचे डबे, हेल्मेट, एकदा तर इस्त्रीचे कपडे. त्यांना तरी काय बोलणार, सपाट जागा मोकळी दिसली की हात आपोआप रिकामे होतात.

गॅरेज एकाच गाडीचं आहे. गाडी लावल्यावर एका बाजूला जेमतेम ६०-७० सेंटिमीटर उरतात. छताला टांगावा की चाकांच्या स्टँडवर उभा करावा? आणि एकट्याने उतरवता येईल अशी काही युक्ती आहे का? टप वजनाने साधारण २० किलोच आहे, पण कवेत मावत नाही. मागच्या वेळी एकट्याने प्रयत्न केला तेव्हा डिकीवर ओरखडा उमटला. तो अजून बायकोला दाखवलेला नाही.

कप्पीवाला

टांगा! दुसरा विचारच करू नका. चार पट्टे, चार कप्प्या आणि एक हाताने फिरवायचं विंच. गाडी खाली आणून उभी करायची, पट्टे लावायचे, लॅच (टप गाडीला धरून ठेवणाऱ्या कड्या) सोडायचे आणि टप वर घ्यायचा. गाडी पुढे काढली की झालं. मी सहा वर्षं एकट्याने हेच करतोय.

मात्र हुक कशात ठोकताय ते आधी बघा. लाकडी छत असेल तर थेट तुळईत, काँक्रीटचा स्लॅब असेल तर अँकर बोल्ट. नुसत्या जिप्सम बोर्डात स्क्रू मारून २० किलो लटकवलेत तर एक दिवस टप आपणहून गाडीवर बसेल, पण काच फोडून. वर नेल्यावर वेगळी साखळी अडकवा. विंचच्या खटक्यावर वर्षभर विसंबून राहू नये.

आणि वर उचलण्याआधी डिफॉगरच्या (मागच्या काचेवरची वाफ घालवणाऱ्या हीटरच्या) वायरचा प्लग काढायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो.

जुनंलोखंड

कप्पीवाले, तुमचं खरं आहे, पण टांगलेल्या टपाखाली रोज गाडी लावायला माझं मन धजत नाही. मी स्टँडवाला.

माझ्याकडे मर्सिडीजची पगोडा आहे. (१९६३ ते १९७१ या काळातल्या त्या एसएल मॉडेलला हे नाव पडलं ते हार्डटॉपमुळेच. टप मध्ये खोलगट आणि कडांना उंच, देवळाच्या छपरासारखा. त्यामुळे बाजूच्या काचा उंच ठेवता आल्या. विषयांतराबद्दल क्षमस्व, पण टपाचा विषय निघाल्यावर हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) तो टप एमएक्स-५ च्या टपापेक्षा बराच जड. तो उभ्या स्टँडवर ठेवतो, चाकांना ब्रेक आहेत. उभा केला की भिंतीलगत फार जागा खात नाही आणि त्यावर कोणी रंगाचे डबेही ठेवू शकत नाही!

स्टँड घेताना किंवा बनवताना एकच पाहा: भार टपाच्या सांगाड्यावर यायला हवा, रबरावर नाही आणि काचेवर तर नाहीच. टेकणाऱ्या दांड्यांना जाड फोम गुंडाळा आणि वरून एक पट्टा बांधा, नाहीतर धक्का लागला की कलंडतो.

रबरछाप

तुमच्या गळतीबद्दल. चपटं झालेलं रबर लगेच फेकू नका. आधी साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करा, मग हेअर ड्रायरने हलकं गरम करा. हाताला सोसेल इतकंच. बऱ्याचदा थोडं फुलून येतं. मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. पेट्रोलियम जेली लावू नका, तेलाने हे रबर फुगतं आणि मऊ पडतं. चीर गेली असेल तर मात्र नवंच घ्या.

झाकायला सुती कापड. प्लास्टिक गुंडाळलंत तर आत दमट राहतं आणि बुरशी धरते. ओला टप तर कधीच झाकू नये.

दोनसीटर

सगळ्यांचे मनापासून आभार. कप्पीवाल्यांचं पटलं होतं, शिडी लावून छताचं मापही घेतलं. मग लक्षात आलं की आमचं गॅरेजचं दार वर सरकून छतालगत आडवं होतं. टप जिथे टांगायचा नेमकं तिथेच. म्हणजे टप वर असेपर्यंत दार बंद आणि गाडी आत कैद.

तेव्हा स्टँड. पण उचलायचं कसं, हा प्रश्न उरलाच.

कप्पीवाला

हात् तिच्या, दाराचं माझ्याही डोक्यात आलं नाही.

मग दोघं लागतातच. दोन्ही दारांच्या काचा पूर्ण खाली करा, अंगठ्या आणि घड्याळं काढून ठेवा, डिकीवर जाड चादर पसरा. लॅच सोडल्यावर एकदा सगळे परत हाताने चाचपून बघा, एखादा हमखास राहतो. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, एक हात पुढच्या कोपऱ्याला, दुसरा मागच्या. आधी सरळ वर आणि मग मागे. ओढायचं नाही. सुटलेले बोल्ट पिशवीत भरून पिशवी स्टँडलाच बांधा.

जुनंलोखंड

आणि उतरवल्यावर कापडी हूड एकदा उघडून वाळू द्या. महिनोन् महिने घडी घालून राहिलेला असतो. मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर घडी करताना आधी तिची चेन उघडा, नाहीतर चुण्या पडतात.

दोनसीटर

काल उतरवला. दुसऱ्या बाजूला मुलगी होती, वय १४. "आता!" म्हणायचं कोणी यावरून दोनदा वाद झाला, पण ओरखडा एकही नाही. एक लॅच राहिलाच होता, तोही तिलाच दिसला. जुना ओरखडाही तिनेच पाहिला आणि सरळ जाऊन आईला सांगितला.

बीडिंग ड्रायरने थोडं उठलंय, अजून पुरतं नाही. रबरछाप, असं किती वेळा करून बघायचं? की आता नवंच मागवू?