मदत हवी आहे: मेकॅनिकल बीईनंतर अप्रेंटिसशिप घ्यावी का?

नमस्कार. 2024 चा मेकॅनिकल बीई, बॅकलॉग नाही, राहतो निगडीला. चाकण-भोसरीत चाळीसेक ठिकाणी बायोडेटा देऊन झाला. एका गेटवर सिक्युरिटीच्या टेबलावर वीतभर गठ्ठा होता, वरचे सगळे बीईच. आत एचआरवाले म्हणाले, "लाईनवर आयटीआय, डिप्लोमावाले हवेत. डिग्रीवाला टिकत नाही." 2020 च्या शैक्षणिक धोरणात उच्च शिक्षणातलं प्रवेशाचं प्रमाण 2035 पर्यंत 50 टक्क्यांवर न्यायचं म्हटलंय, म्हणजे गठ्ठा वाढणारच!

ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स येतं. आयटीचा कोर्स करून पाहिला, जमला नाही. तो सल्ला कृपया नको. घरच्या कारणामुळे वर्षभर पुणे सोडता येत नाही. एमई कर्जाशिवाय शक्य नाही.

आता एका कारखान्यात एनएटीएस या केंद्र सरकारच्या प्रशिक्षण योजनेतून वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळतेय, क्वालिटी विभागात. स्टायपेंडमध्ये कसंबसं भागेल. कायम करण्याचं आश्वासन नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलंय. सोमवारपर्यंत कळवायचंय.

ज्यांनी ही केली आहे किंवा जे स्वतः भरती करतात त्यांना विचारतो: दुसऱ्या कंपनीत हे वर्ष अनुभव म्हणून धरतात, की पुन्हा फ्रेशरच्याच रांगेत उभं करतात?