सुरुंगाची वेळ आधी सांगा, वर्गणी नंतर द्या
गावाशेजारच्या दगडखाणीबद्दल एकांनी लिहिलंय की खाणवाल्याने जत्रेला वर्गणी दिली, शाळेला रंग दिला की शेजारधर्म झाला. मला हे अजिबात पटत नाही. आमचं घर खडी क्रशरपासून हाकेच्या अंतरावर. सुरुंग कधी उडेल हे कोणी सांगत नाही, म्हणून आई रोज दुपारी मांडणीवरचे डबे मागे सरकवून ठेवते. वाळत घातलेल्या कुरडयांवर राखाडी भुकटी बसते ती वेगळीच.

वेळ ठरवा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, आधी भोंगा वाजवा. क्रशरला पत्र्याचं आवरण, पाण्याचे फवारे, डंपरवर ताडपत्री, एवढं तर हवंच. भिंतीला भेग दाखवली की ‘घर जुनंच होतं’ हे उत्तर ठरलेलं. त्यापेक्षा खाण सुरू व्हायच्या आधीच खाणवाला आणि घरमालक दोघांनी मिळून घरांचे फोटो काढावेत.

खाण कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली, त्यातला पैसा खाणबाधितांसाठी असतो. ग्रामसभेत त्याबद्दल जरूर विचारा.

आणि काम संपलेल्या खाणीला कुंपण घाला हो! पावसाळ्यात पाणी साचलं की पोरं तिथेच पोहायला उतरतात.