पट्टा पडायच्या दिवसांत गोठा कसा सांभाळता?

करवीर तालुक्यात आमचं दीड एकर ऊस. दावणीला दोन म्हशी, एक गाय, एक रेडी. फाल्गुन लागला की माझी तारांबळ उडते. पहाटे धारेला बसलो की अंगावर शाल, आणि दुपारी पत्र्याखाली जनावरं धापा टाकतात. (बाईच आहे मी. आमच्यात बायकाही 'बसलो'च म्हणतात.) त्यात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की वाडं (उसाचे हिरवे शेंडे) बंद. गेल्या साली वाडं संपलं त्याच दिवशी नुसता कडबा टाकला, तर दोन्ही म्हशी दुधाला निम्म्यावर. तुम्ही काय करता? पुस्तकातलं नको, गोठ्यातलं सांगा.

शिरोळहून :
ताई, वाडं बंद होतं ते राहू द्या, चालू असतं तेव्हाच खरा घोळ होतो. ऊसतोड टोळीकडनं भारा स्वस्तात मिळतोय म्हणून आम्ही डिसेंबरपासून दुसरी वैरण घातलीच नव्हती. वाड्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून शेणावाटे बाहेर काढतं, हे कळलं ते म्हैस व्यायल्यावर. संध्याकाळी व्यायली, रेडकू टकटकीत, चीकही भरपूर. दुसऱ्या दिवशी पहाटे बघतोय तर खाली बसलेली, मान वळवून कुशीला टेकलेली. शेपूट पिरगाळली तरी उठेना. कानाला हात लावला, गार. आई मीठ-मिरच्या ओवाळायला लागली, मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शिरेतनं कॅल्शियम सोडलं, तेही अगदी सावकाश, मधूनमधून ठोके ऐकत. घाई केली तर हृदय थांबतं म्हणाले. बाटली संपत आली तशी तिनं ढेकर दिली, शेण टाकलं, आणि थोड्या वेळानं धडपडत उभी राहिली. नाव दुग्धज्वर, पण ताप नसतोच, अंग उलट गार पडतं. तेव्हापासनं वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडतो आणि सोबत कडबा असतोच.

गंगावेशीजवळून :
आमच्या म्हशी कट्ट्यावर जातात, गिऱ्हाइकासमोर धार काढायची. उन्हाचं म्हणाल तर म्हशीचं कातडं काळं आणि घाम येणाऱ्या ग्रंथी कमी, त्यामुळं तिला पाणीच पाहिजे. पूर्वी पंचगंगेत सोडायचो, आता पाइपनं दोनदा धुतो. दुपारी ओलं पोतं पाठीवर टाकून बघा, रवंथ लगेच सुरू होतोय.

आजऱ्याहून :
माझ्या फक्त कोंबड्या. या दिवसांत रात्री गारठा असतोय, पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात. मी खुराड्यात एक बल्ब लावतो आणि राणीखेतची लस चुकवत नाही. एकदा चुकवली होती. आठवड्यात खुराडं रिकामं.

पट्टणकोडोलीहून :
आमची मेंढरं. ऊस निघालेल्या रिकाम्या रानात बसवायला बोलावतात, लेंडी-मुताचं खत होतंय म्हणून. कोकरं वाघरीत (जाळीच्या कुंपणात) वेगळी ठेवावी लागतात, नाहीतर कुत्री सोडत नाहीत. बागायतदार रात्रीचे पैसे देताना मेंढरं मोजतोय, कोकरं धरत नाही. खतात त्यांचाही वाटा की ओ!

कागलहून :
ताई, वैरण एका दिवसात बदलू नका. पोटातले जिवाणू जुन्या वैरणीला सरावलेले असतात. पहिले दोन-तीन दिवस चार पेंढ्यांतली एकच नवी, मग दोन, असं करत आठ-दहा दिवस घ्या. आम्ही पट्टा पडायच्या आधीपासनंच सुरू करतो, आणि लाळ्या-खुरकुताची लसही तेव्हाच उरकून घेतो. सहा महिन्यांनी ती परत लागतेच.

करवीर (मीच) :
शिरोळकर दादा, निवळी कशी करायची ते विचारणार होतो, तोवर सासूबाईंनीच सांगितलं. कळीचा चुना मडक्यात भिजत घालायचा, रात्रभर हलवायचं नाही, सकाळी वरचं नितळ पाणीच घ्यायचं, खालचा साका नाही. आज सकाळी वाड्यावर शिंपडलंय. गाय खायला लागली. थोरली म्हैस हुंगून माझ्याकडं बघत उभी आहे.