स्लॅब म्हणजे ग्रेडची हमी नाही
नाणं स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने दर्जा (ग्रेड) ठरवून सीलबंद केलेल्या प्लास्टिकच्या डबीत आहे म्हणजे ग्रेड पक्की, असं काही जण म्हणतात; ते मत पटत नाही. पीसीजीएस या अमेरिकन ग्रेडिंग कंपनीने १९८६ मध्ये काम सुरू केलं. त्या सुरुवातीच्या स्लॅबमधलं एमएस-६३ (चलनात न फिरलेल्या नाण्यांच्या ६० ते ७० या मापातली ६३) ग्रेडचं नाणं आज पुन्हा ग्रेडिंगला पाठवलं तर बऱ्याचदा ६४ होऊन येतं. म्हणून तर अमेरिकन नाण्यांसाठी सीएसीचं, म्हणजे स्लॅबमधली ग्रेड पुन्हा तपासणाऱ्या कंपनीचं, हिरवं स्टिकर आलं.

पंचम जॉर्जचा रुपया घेताना लेबल नंतर वाचा. आधी तो एकाच दिव्याखाली तिरका फिरवा. टाकसाळीची मूळ चकाकी असेल तर उजेडाचा पट्टा नाण्यावर गोल सरकतो. डिपमध्ये, म्हणजे नाणी उजळवणाऱ्या आम्लयुक्त द्रवात, वारंवार बुडवलेला रुपया पांढराशुभ्र दिसतो, पण पट्टा सरकत नाही, कारण आम्लाने पृष्ठभागावरच्या सूक्ष्म रेषा खाल्लेल्या असतात. मग दहापट भिंगातून मुकुट आणि गाल बघा. उंच भाग आधी झिजतात; तिथे राखाडी, मंद ठिपका असेल तर तो रुपया अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेला, नाहीच, लेबल काहीही म्हणो.