पित्ताम्ल, आम्लपित्त आणि 'वाहक'

मराठीत लिहिताना बाइल ॲसिडला (पित्तातलं, चरबी पचवायला मदत करणारं आम्ल) पित्ताम्ल लिहिलं तर घरी सगळ्यांना वाटलं ॲसिडिटीबद्दल आहे. दुसरा शब्द आहे का? आणि ट्रान्सपोर्टरला, म्हणजे पेशीच्या पटलातून रेणू आत-बाहेर नेणाऱ्या प्रथिनाला, वाहक चालेल? मला तर एसटीतला कंडक्टरच आठवतो.

> पित्ताम्लच ठेवा. आम्लपित्त म्हणजे जठरातल्या आम्लाचा त्रास, छातीत जळजळ वगैरे, त्याचा याच्याशी संबंध नाही. पित्ताम्लं यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं, मग त्यांना ग्लायसीन नाहीतर टॉरीन जोडतं, आणि त्यानंतर ती आतड्यात बहुतेक क्षाररूपातच असतात म्हणून पित्तक्षार म्हटलं तरी चालतं. अशा रेणूवर ऋणभार असतो, त्यामुळे तो पेशीच्या पटलातून आपला आपण आरपार जात नाही, प्रथिनाची मदत लागतेच. तुमचा दुसरा प्रश्न इथूनच सुरू होतो.

> > वाहक मलाही खटकतो. कंडक्टर गाडीबरोबर फिरतो, ही प्रथिनं तर पटलातच बसलेली असतात. पित्ताम्लं यकृतपेशीतून पित्तनलिकांत ढकलणारं बीएसईपी नावाचं प्रथिन एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून काम करतं, त्याला बिनधास्त पंप म्हणा. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात एएसबीटी हे प्रथिन सोडियमच्या जोरावर पित्ताम्लं पेशीत ओढतं, मग ओएसटी-अल्फा/बीटा हे दुसरं प्रथिन ती पेशीच्या दुसऱ्या बाजूने रक्तात सोडतं, तिथून पोर्टल शिरेतून (आतड्यातलं रक्त यकृताकडे नेणारी शीर) यकृत, आणि तिथे एनटीसीपी हे प्रथिन ती यकृतपेशीत परत घेतं, हेही सोडियमवरच. साधारण ९५ टक्के माल असा परत येतो, दिवसातून कितीतरी फेऱ्या. याला 'यकृत-आंत्र अभिसरण' म्हणतात, जीभ वळत नाही पण अर्थ चोख.

पण एएसबीटीने 'शोषण' केलं असं लिहिलं तर पिळवणूक नाही ना वाटणार? 😅

> > आतडं शब्द जवळ असला की नाही वाटत. पुनर्शोषण लिहा, जास्त नेमकं.
> > जाताजाता, एनटीसीपीमधूनच हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृतपेशीत शिरतो हे २०१२ मध्ये कळलं, तिथे 'वाहक' लिहिलंत तर लोकांना वाटेल रोग पसरवणारा माणूस! आणि बीएसईपी जन्मतः बिघडलेल्या मुलांना भयंकर खाज सुटते, त्यांच्यासाठी ओडेविक्सिबॅट नावाचं औषध आहे, ते आतड्यातलं एएसबीटी अडवतं म्हणजे पित्ताम्लं परत न येता शौचावाटे जातात.

मग बीएसईपीला पंप आणि बाकीच्यांना 'वहन-प्रथिन' असं ठरवतो.

> वहन-प्रथिन छान आहे, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत समजावून टाका.