मदत हवी आहे: दोन पगार, दोन क्रेडिट कार्डं, आणि बाकी वाढतच चाललीय

भांडुपकर_७८

नमस्कार मंडळी. आकडे सरळ मांडतो, म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल. भांडुप पश्चिमेला स्वतःचा वन बीएचके, दोघंही नोकरीत, दोन मुलं शाळेत. हातात येणारा पगार माझा ५२,०००, बायकोचा २३,०००. एकूण ७५,०००.

कर्जं अशी: गृहकर्ज बाकी १४,६०,०००, व्याज ८.५ टक्के, हप्ता १७,४००. पर्सनल लोन बाकी २,१०,०००, १५.५ टक्के, हप्ता ८,४००, अजून तीस-एकतीस हप्ते. फ्रिज आणि मोबाइलचा मिळून हप्ता २,६५०, त्यातले पाच राहिलेत. पहिलं क्रेडिट कार्ड ९६,००० (महिना ३.६ टक्के), दुसरं ३८,००० (महिना ३.५ टक्के). दोन्हींवर फक्त किमान रक्कम भरतोय, ४,८०० आणि १,९००.

घरखर्च: किराणा ९,५००, दूध २,७००, भाजी-फळं-मासे ५,५००, महावितरण २,३००, महानगर गॅसचं बिल दोन महिन्यांनी १,४०० म्हणजे महिना ७००, सोसायटी मेंटेनन्स ३,४००, शाळा आणि व्हॅन ५,२००, क्लास २,०००, पास-रिक्षा ३,२००, मोबाइल-वायफाय १,६००, गावी आईला ४,०००, एलआयसी २,१००, आरडी ३,०००.

जमेच्या बाजूला ६०,००० ची एफडी, ६.७५ टक्के, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली. आरडीत २४,००० जमलेत. चार तोळे सोनं. कंपनीत पतपेढी आहे, मी सभासद आहे, तिथे कर्ज नाही. दिवाळीला बोनस हातात ३०,००० पडतो.

प्रश्न असे: एफडी मोडावी का (बायको नको म्हणते)? कार्डवाली बँक बाकी ईएमआयमध्ये करून द्यायला तयार आहे, 'फक्त दीड टक्का' म्हणते, ते घ्यावं का? पर्सनल लोन दुसरीकडे १२ टक्क्यांनी नेता येतंय, न्यावं का? आणि एका एजंटचा फोन आलाय, ४० टक्के भरा, कार्ड सेटल करून देतो म्हणून.

पासबुक

आधी बेरीज. घरखर्च ४५,२००. हप्ते २८,४५०. कार्डांची किमान रक्कम ६,७००. झाले ८०,३५०. येतात ७५,०००. वरचे ५,३५० कुठून येतात? कार्डावरूनच, दुसरी जागाच नाही.

आता किमान रकमेकडे बघा. ९६,००० वर ३.६ टक्के म्हणजे ३,४५६ व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ६२२. दोन्ही मिळून ४,०७८. तुम्ही भरता ४,८००, म्हणजे मुद्दलातून गेले ७२२. दुसऱ्या कार्डावर व्याज आणि जीएसटी १,५६९, भरता १,९००, मुद्दलातून ३३१. दोन्हीकडे मिळून ६,७०० भरून बाकी उतरली १,०५३ ने, आणि त्याच महिन्यात ५,३५० ची नवी खरेदी चढली. दर महिन्याला ४,३०० ची भर पडतेय.

त्यात आणखी एक पाचर आहे. मागची बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज दोनशेची भाजी कार्डावर घेतली की तिच्यावर आजपासूनच व्याज. त्यामुळे 'पॉइंट मिळतात म्हणून कार्डावर घेतो' हे आजपासून बंद. कार्ड कपाटात ठेवून भागत नाही, किराणा-भाजीच्या ॲपांमध्ये सेव्ह केलेलं कार्डही काढून टाका. दहा मिनिटांत घरपोच आणणाऱ्या ॲपांवर खर्च होतो तो तिथूनच.

एफडीचं: वहिनींची भीती समजते, पण ६०,००० वर महिन्याला साधारण ३३८ रुपये व्याज मिळतंय आणि तेवढ्याच बाकीवर कार्डवाला महिन्याला २,५०० घेतोय. मुदतीआधी मोडल्याचा दंड बहुतेक बँकांत व्याजदरात अर्धा ते एक टक्का कमी, एवढाच. मोडा. ३८,००० चं दुसरं कार्ड एका झटक्यात संपवा, उरलेले २२,००० पहिल्यावर. काटेकोर बघितलं तर ३.६ वाल्यावर सगळे टाकायला हवेत, पण फरक महिन्याला चाळीस-पन्नास रुपयांचा आहे. एक कार्ड पूर्ण बंद होणं, एक देय तारीख कमी होणं, हे त्याहून मोलाचं.

चाळीतला_चार्टर्ड

पासबुक यांच्याशी सहमत, एक दुरुस्ती. एफडी अख्खी गेली आणि पुढच्या महिन्यात मुलाला ताप आला, तर हे पुन्हा कार्डच काढणार. म्हणून आरडी बंद करायची, पण तिचे २४,००० कर्जात टाकायचे नाहीत. वेगळ्या बचत खात्यात ठेवायचे, ज्याला यूपीआय जोडलेलं नाही. महिन्याचे ३,००० सुटतील ते निराळे.

आता पहिल्या कार्डाची उरलेली ७४,०००. 'फक्त दीड टक्का' म्हणजे महिन्याला, वर्षाला १८. आणि तो घटत्या शिलकेवर (उरलेल्या मुद्दलावरच व्याज) आहे की फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज), हे फोनवरची मुलगी सांगणार नाही. ते विचारू नका, हप्ता विचारा. ७४,००० चे २४ हप्ते दीड टक्क्याने घटत्या शिलकेवर ३,६९४ होतात. तिने ४,१९३ च्या आसपास आकडा सांगितला तर तो फ्लॅट आहे. शिवाय प्रोसेसिंग फी, तिच्यावर जीएसटी, दर हप्त्यातल्या व्याजावर परत जीएसटी.

पतपेढी असताना तिकडे जायचंच कशाला? तिथला दर काय आहे ते आधी विचारून या.

एजंटचा फोन मात्र आत्ताच ब्लॉक करा. तुमचा एकही हप्ता चुकलेला नाही. सेटलमेंटसाठी तो आधी तुम्हाला मुद्दाम थकायला सांगेल, मग सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींवर, 'सेटल्ड' असा शेरा बसेल आणि पुढची काही वर्षं धड कर्ज मिळणार नाही. वर त्याची फी वेगळी.

भांडुपकर_७८

पतपेढीत विचारलं. एक लाखापर्यंत मिळेल, ११ टक्के घटत्या शिलकेवर, दोन जामीनदार, पगारातून कपात. कर्जाच्या ५ टक्के रक्कम शेअर्स म्हणून कापून घेतात. सोनं गहाण टाकणं सोपं नाही का पडणार? कंपनीत कुणापुढे हात पसरायला नको.

पासबुक

सोपं पडतं, तीच तर अडचण. पुष्कळशी सोनेतारण कर्जं बारा महिन्यांची असतात. मध्ये नुसतं व्याज, शेवटी सगळं मुद्दल एकदम. वर्षाअखेरीस ७४,००० हातात नसतात, मग व्याज भरून नूतनीकरण. असं तीन-तीन वर्षं चालतं आणि एखाद्या वर्षी नूतनीकरण राहिलं की लिलावाची नोटीस. घ्यायचंच असेल तर सरकारी बँकेत, मासिक हप्त्यावाली योजना मागून. पतपेढीची कपात पगार हातात यायच्या आधीच होते, तुमच्यासाठी ते उत्तम.

मागताना ८०,००० मागा. ५ टक्के म्हणजे ४,००० शेअर्सचे गेले की हातात ७६,०००. ते ४,००० बुडत नाहीत, त्यांच्यावर लाभांश मिळतो आणि सभासदत्व सोडताना परत येतात. ८०,००० ला ११ टक्के, २४ महिने, हप्ता ३,७२९.

वरचे २,००० का, तर इथेच बहुतेक जण अडकतात. बिलावर ७४,००० दिसतंय म्हणून तुम्ही वीस दिवसांनी बरोबर ७४,००० भरता आणि कार्ड संपलं असं समजता. पण बिलाच्या तारखेपासून भरण्याच्या तारखेपर्यंतचं व्याज चालूच असतं, जीएसटी धरून दिवसाला शंभराच्या वर. पुढच्या बिलात ते दोन हजार उगवतात. माणूस ते बिल उघडतच नाही, आणि मग लेट फी. म्हणून भरायच्या दिवशी कस्टमर केअरला 'आजच्या तारखेला पूर्ण फेडायला किती' असं विचारा, आणि पुढची दोन बिलं शून्य आल्याशिवाय कार्ड मेलं असं समजू नका.

काटकसर_काकू

सगळ्यांनी कर्जाचं बघितलं, यादीत काय नाही ते कुणी बघितलंच नाही. जूनमधली वह्या-पुस्तकं, गणवेश, दप्तर कुठेय? गणपतीला गावी जायचं भाडं? दिवाळी? मेडिक्लेमचा हप्ता? हे खर्च दर वर्षी ठरल्या वेळी येतात, तरी दर वर्षी अचानक आल्यासारखे कार्डावर जातात. भांडुपकरदादा, मागच्या जूनपासूनची स्टेटमेंट काढा आणि पाच हजारांच्या वरच्या नोंदी वेगळ्या लिहा. बाकी कुठून सुरू झाली ते दिसेल.

भांडुपकर_७८

काकू, बरोबर पकडलंत. शाळेचं ९,०००, गणपती आणि गाव १२,०००, दिवाळी ८,०००, मेडिक्लेम १४,५००. बेरीज ४३,५००.

काटकसर_काकू

मग बोनसचे ३०,००० कर्जात टाकायचे नाहीत, ते ह्याच खर्चांसाठी. उरले १३,५००, भागिले बारा, महिना १,१२५. आरडीचे पैसे ज्या खात्यात ठेवाल त्यातच हे घाला, पण वहीत दोन रकाने करा: एक अडीअडचणीचा, एक वर्षाच्या खर्चांचा. नाहीतर गणपतीत अडीअडचणीचे पैसेही उडतात.

किराण्यात मी फार कात्री लावणार नाही. मुंबईत चौघांना ९,५०० म्हणजे काही उधळपट्टी नाही. फक्त महिन्याचं सामान एकदा यादी करून घ्या, मधल्या फेऱ्या महाग पडतात. रेल्वेचा तिमाही पास तीन मासिक पासांपेक्षा स्वस्त पडतो, तो काढा. विजेच्या बिलावर युनिट बघा. ३०० च्या वर जात असाल तर वरची युनिटं चढ्या दराची असतात, एप्रिल-मे महिन्यांत एसी तिथेच खातो.

गावचे ४,००० कमी करा असं कुणी सांगेल. करू नका.

चाळीतला_चार्टर्ड

पुन्हा मांडू या. हप्ते: १७,४०० + ८,४०० + २,६५० + पतपेढी ३,७२९ = ३२,१७९. घरखर्च आरडी वगळून ४२,२००. एकूण ७४,३७९. उरतात ६२१. काकूंना हवेत १,१२५. पाचशे कमी पडतायत.

ते गृहकर्जातून काढा. २०२५ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, ६.५० वरून ५.२५ वर आला. तुमचा दर अजून ८.५ असेल, तर एक तर कर्ज जुन्या एमसीएलआरवर (बँकेने स्वतःच्या खर्चावरून ठरवलेल्या दरावर) आहे, नाहीतर तुमच्या दरातली बँकेची वरची टक्केवारी जास्त आहे. शाखेत जाऊन दर बदलायचा अर्ज द्या, काही हजार रूपांतर फी लागते. ७.७५ झाला आणि मुदत तीच ठेवली तर हप्ता १६,८१५ च्या आसपास येतो, म्हणजे महिना ५८५ सुटले. लक्षात ठेवा, दर उतरला की बँका आपण होऊन हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. एरवी तेच चांगलं, पण तुम्हाला आत्ता हप्ता कमी हवाय, अर्जात तसं स्पष्ट लिहा. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर रेपोचा थेट संबंध नाही, तिथे दुसरीकडे नेण्याची भाषा केली की दर हलतो.

पर्सनल लोन हलवू नका. उरलेल्या मुदतीत तुम्ही व्याज भरणार साधारण ४५,०००. १२ टक्क्यांवर नेलं तर ३४,०००. वाचले ११,०००. आता तुमच्या करारात मुदतपूर्व फेडीचा आकार बघा. ४ टक्के असेल तर ८,४०० आणि जीएसटी मिळून ९,९१२. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी धरली की हातात भोपळा. वर ते तीसचे परत साठ हप्ते करून देतील आणि 'हप्ता निम्मा झाला' म्हणून तुम्ही खूश व्हाल.

पासबुक

अजून दोन गोष्टी. पाच महिन्यांनी फ्रिजचे २,६५० सुटतील. ते घरखर्चात विरघळायच्या आधी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावून त्या वेगळ्या खात्यात वळवा, आणि तिथे दोन महिन्यांचे हप्ते साठले की पुढचे पतपेढीत जादा भरा. मुदतपूर्व भरल्यावर दंड आहे का, ते आजच सचिवांना विचारून ठेवा.

दुसरं, कपात सुरू झाली की तुमच्या हातात ४८,२७१ येतील, आणि फेब्रुवारीत त्यातूनही शंभर कमी, कारण त्या महिन्यात व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापतात. सगळे हप्ते ज्या खात्यातून जातात तिथे हजार-दोन हजार कायम पडू द्या. शंभर रुपयांसाठी हप्ता परत गेला की बँकेचा दंड वेगळा, कर्ज देणाऱ्याचा वेगळा.

भांडुपकर_७८

दुसरं कार्ड आज पूर्ण भरलं. बायकोला ३३८ आणि २,५०० चा हिशेब दाखवला, मग तीच बँकेत आली. आता ते कार्ड बंद करू की ठेवू? आणि पहिल्याचं बिल १२ तारखेला निघतं, देय तारीख नेमकी महिनाअखेरीस येते, पगार ७ ला.

चाळीतला_चार्टर्ड

फेडलेलं बंद करा, पहिलं ठेवा. दोन्ही बंद केलीत तर सिबिलच्या दृष्टीनेही बरं नाही. बंद करायचा अर्ज ईमेलने द्या, फोनवर नको. बाकी शून्य असेल तर बँकेने सात कामाच्या दिवसांत बंद करायला हवं, नाही केलं तर पुढे दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. ईमेल हाच तुमचा पुरावा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही.

पहिल्याची बिलाची तारीख बदलून मागा. निदान एकदा तरी ती सोय द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. २० ते २२ च्या दरम्यान बिल निघालं की देय तारीख ७ च्या पुढे जाते. आणि मर्यादा उतरवून २५,००० करून घ्या.

काटकसर_काकू

२५ कशाला, १५ करा.